टपाल आल्याची वर्दी

ई-मेल आल्याची वर्दी म्हणजे फोनच्या पडद्यावर वरून सरकत येणारी पट्टी, हे समीकरण आज इतके पक्के झाले आहे, की या वर्दीचा जन्म चित्रे, खिडक्या आणि माउस यांपैकी काहीच नसलेल्या पडद्यावर झाला, हे सहसा ध्यानात येत नाही. त्या पडद्यावर फक्त अक्षरांच्या ओळी उमटत. वापरणारा एक आज्ञा टाइप करी, संगणक तिचे उत्तर ओळींतच देई आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहत थांबे. या पद्धतीला कमांड लाइन म्हणतात, ती ज्या पडद्यावर चालते त्याला टर्मिनल म्हणतात, आणि आज्ञा वाचून ती पार पाडणाऱ्या मधल्या प्रोग्रॅमला शेल असे नाव आहे. कमांड लाइन अजूनही मागे पडलेली नाही. सर्व्हर सांभाळणारे आणि प्रोग्रॅम लिहिणारे लोक दिवसाचा मोठा भाग तिच्यातच घालवतात, आणि नवे पत्र आल्याचे त्यांना तिथल्या तिथे कळावे म्हणून गेली चार दशके लहान लहान साधने तयार होत आली आहेत. ही साधने दिसायला किरकोळ असली, तरी त्या प्रत्येकापुढे एकच प्रश्न असतो: पत्र आले का, हे घेणाऱ्याने विचारत राहायचे, की ज्याला ते आधी कळते त्याने येऊन सांगायचे?

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ पासून अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये घडत गेली, आणि तिच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीच्या पुस्तिकेतही ‘मेल’ नावाची आज्ञा आढळते. त्या काळी एकाच यंत्राला अनेक टर्मिनले जोडलेली असत, त्यामुळे पत्र पाठवणारा आणि घेणारा हे दोघेही त्याच यंत्रावर नांदत असत. प्रत्येकाची टपालपेटी म्हणजे त्या यंत्रावरची एक साधी मजकुराची फाइल असे आणि नवे पत्र आले, की ते त्या फाइलच्या शेपटाला जोडले जाई. या साधेपणाचा फायदा असा, की टपाल आले का हे कळण्यासाठी पेटी उघडून वाचण्याची गरज उरत नसे. प्रणाली प्रत्येक फाइलबरोबर दोन वेळा नोंदवून ठेवते: फाइल शेवटची बदलली केव्हा आणि शेवटची वाचली केव्हा. बदलल्याची वेळ वाचल्याच्या वेळेनंतरची असेल, तर पेटीत न वाचलेले टपाल आहे; वाचल्याची वेळ नंतरची असेल, तर मालकाने पेटी पाहिलेली आहे.

शेलने हीच युक्ती उचलली. आज युनिक्सच्याच धर्तीच्या लिनक्स या प्रणालीवर सर्वत्र आढळणाऱ्या ‘बॅश’ या शेलला टपालपेटीचा पत्ता ‘मेल’ नावाच्या चलातून कळतो (चल म्हणजे शेलने लक्षात ठेवलेले एखादे मूल्य), तर किती सेकंदांनी पाहणी करायची हे ‘मेलचेक’ या चलात लिहिलेले असते आणि कोणी काही बदलले नाही, तर ते ६० असते. मात्र दर मिनिटाला शेल उठून पेटीकडे धाव घेतो, असा याचा अर्थ नव्हे. एखादी आज्ञा संपून पुढच्या आज्ञेसाठी खूण दाखवण्याआधी शेल घड्याळ पाहतो आणि मिनिट उलटले असेल तरच पेटीवर नजर टाकतो. त्यामुळे कोणी तासभर एकाच प्रोग्रॅममध्ये गढलेला असेल, तर त्याला तासभर काहीच सांगितले जात नाही. ही उणीव मानली जाते. पण हातातले काम संपल्यावरच तोंड उघडणारा निरोप्या मिळणे हे आजच्या घडीला भाग्याचेच म्हणावे लागेल.

वाचल्याच्या वेळेवर विसंबणाऱ्या या युक्तीने पुढे लिनक्सच्या रचनाकारांना चांगलेच अडचणीत आणले. कोणतीही फाइल नुसती वाचली तरी तिची वाचल्याची वेळ डिस्कवर लिहावी लागते, म्हणजे प्रत्येक वाचनामागे एक लेखन ओढवते आणि यंत्र विनाकारण मंदावते. ही नोंद सरसकट बंद केली, तर ‘मट’सारखे कमांड लाइनवरचे टपालवाचक आणि शेल यांना नवे टपाल ओळखता येईना. अखेर मधला मार्ग निघाला: वाचल्याची जुनी नोंद बदलल्याच्या वेळेपेक्षा मागची असेल, तेव्हा तरी ती लिहायचीच, एरवी बहुतेक वेळा लिहायची नाही. ‘रेलाटाइम’ नावाची ही रीत २००९ मधील लिनक्सच्या २.६.३० या आवृत्तीपासून रूढ झाली. अख्ख्या प्रणालीच्या डिस्कव्यवहाराची रीत ठरवताना टपाल आले का, या चिमुकल्या प्रश्नाची अशी दखल घ्यावी लागली.

शेल विचारतो तेव्हाच त्याला कळते. याउलट, टपाल येताच पडद्यावर येऊन सांगणारे गाजलेले साधन अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगणकशास्त्र विभागात तयार झाले. तेथील जॉन फोडेरारो यांनी लिहिलेली ‘बिफ’ ही आज्ञा १९८० मध्ये युनिक्सच्या ४.० बीएसडी या बर्कली आवृत्तीबरोबर बाहेर पडली. बिफ हे त्याच विभागातील हायडी स्टेटनर यांच्या कुत्र्याचे नाव होते. हा कुत्रा पोस्टमनवर भुंकत असे म्हणून त्याचे नाव या आज्ञेला दिले, ही कथा अनेक वर्षे सांगितली जात होती आणि ती इतकी चपखल बसते, की ती कोणी तपासून पाहावी असे वाटत नाही. पण बिफ पोस्टमनवर भुंकत असे, ही गोष्ट खुद्द त्याच्या मालकिणीनेच नाकारली आहे. कुत्रा १९९३ मध्ये पंधरा वर्षांचा होऊन वारला, आज्ञा मात्र आजही मिळते.

‘बिफ’ पुढे ‘वाय’ हे अक्षर लिहिले की वर्दी सुरू होते, ‘एन’ लिहिले की थांबते, आणि नुसते ‘बिफ’ लिहिले की सध्याची स्थिती कळते. वापरणाऱ्याला एवढेच माहीत असले तरी पुरते. आतली रचना मात्र फार मौजेची आहे. युनिक्समध्ये टर्मिनलसुद्धा एक फाइलच मानले जाते आणि प्रत्येक फाइलप्रमाणे त्यालाही वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची अशी तीन परवान्यांची खूण असते. टर्मिनल वाचता येते, त्यावर लिहिता येते, पण ते ‘चालवणे’ याला काहीच अर्थ नाही, म्हणजे तो तिसरा परवाना मोकळाच पडलेला असतो. फोडेरारो यांनी ही रिकामी जागा हेरली. ‘बिफ वाय’ म्हटल्यावर मालकाच्या नावे तो चालवण्याचा परवाना चालू होतो, ‘बिफ एन’ म्हटल्यावर बंद होतो, आणि त्याचा अर्थ एवढाच, की या टर्मिनलवर भुंकायला हरकत नाही किंवा आहे. वेगळी नोंदवही नको, वेगळी फाइल नको. टर्मिनलच्या दारावर एक खडूची रेघ ओढून ठेवल्यासारखा हा प्रकार आहे, आणि काटकसरीची अशी उदाहरणे संगणकाच्या इतिहासात फार नाहीत.

प्रत्यक्ष भुंकण्याचे काम ‘कॉमसॅट’ नावाचा दुसरा प्रोग्रॅम करतो. तो डीमन या प्रकारातला आहे. डीमन म्हणजे कोणत्याही टर्मिनलशी बांधलेला नसलेला, पडद्यामागे सतत जागा राहणारा प्रोग्रॅम. टपाल पेटीत टाकणारा प्रोग्रॅम आपले काम झाले, की कॉमसॅटला एक छोटी चिठ्ठी पाठवतो: अमक्याच्या पेटीत, फाइलच्या अमक्या ठिकाणापासून नवे पत्र सुरू होते. कॉमसॅट त्या माणसाची टर्मिनले शोधतो, ज्यांवर परवानगीची खूण आहे त्यांवर घंटेचे चिन्ह पाठवतो आणि पत्राच्या पहिल्या सात ओळी किंवा ५६० अक्षरे, जे आधी भरेल तेवढे, छापतो. घंटेचे चिन्ह म्हणजे आस्की या अक्षरसंहितेतील सातव्या क्रमांकाचे चिन्ह. जुन्या टेलिप्रिंटरवर ते खरोखरीची घंटा वाजवत असे. नेटवर्कवर ही चिठ्ठी यूडीपी या पद्धतीने ५१२ क्रमांकाच्या पोर्टवर जाते. यूडीपी म्हणजे पोचपावती न मागता सोडून दिलेले पाकीट. ते वाटेत हरवले तर कोणाला कळतही नाही. वर्दीसाठी मात्र हीच रीत योग्य आहे, कारण पत्र पेटीत सुरक्षित असते, हरवते ती केवळ हाक, आणि हाकेच्या पोचपावतीसाठी टपालवाटप खोळंबून ठेवणे हा उलटा कारभार झाला असता.

बिफचे भुंकणे मात्र वेळ पाहून होत नसे. कोणी मजकूर-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये लिहीत असताना मधेच दुसऱ्याच्या पत्राच्या सात ओळी त्या मजकुरावर उमटत आणि फाइलला धक्का लागलेला नसला, तरी पडदा विस्कटून जाई. त्याहून गंभीर बाब अशी, की पत्रातला मजकूर कोणीही परका माणूस लिहू शकतो आणि टर्मिनले काही अदृश्य चिन्हक्रम वाचून स्वतःचे वागणे बदलतात. पडदा पुसणे, रंग बदलणे, काही जुन्या टर्मिनलांवर तर कळफलकाच्या कळांना वेगळे काम नेमून देणेही त्यांतून शक्य होते. म्हणून पुढे छापण्याआधी अशी चिन्हे गाळण्याची वा निरुपद्रवी करण्याची खबरदारी घेतली जाऊ लागली.

चित्रमय पडदे आल्यावर ‘एक्सबिफ’ आला. एमआयटी येथील एक्स कन्सोर्शियमच्या जिम फुल्टन यांनी लिहिलेल्या या प्रोग्रॅमच्या छोट्या खिडकीत अमेरिकन खेड्यातील घरासमोर असते तशी टपालपेटी दिसते आणि टपाल आले की तिच्या बाजूचा झेंडा वर होतो. खऱ्या अमेरिकन पेटीवरचा झेंडा घरमालकच वर करतो, आणि आत पाठवायचे पत्र ठेवले आहे ते घेऊन जा, असे पोस्टमनला सांगण्यासाठी तो असतो; म्हणजे चित्राने खुणेचा अर्थच फिरवला. बिफचे नाव घेऊनही एक्सबिफ स्वभावाने शेलच्या कुळातला आहे, कारण काही वेगळे सांगितले नाही तर तो दर ३० सेकंदांनी पेटीकडे पाहतो, कोणी हाक मारण्याची वाट पाहत नाही.

या सर्व साधनांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: टपालपेटी आणि माणूस एकाच यंत्रावर आहेत. घरोघरी वैयक्तिक संगणक आले आणि टपाल दूरच्या सर्व्हरवर साठू लागले, तेव्हा ते गृहीतक मोडले. सर्व्हरवरून टपाल आणण्यासाठी जी पॉप नावाची संवादपद्धत रूढ झाली, तिच्यात सर्व्हर आपण होऊन काही बोलूच शकत नाही. जोडणी करायची, ओळख पटवायची, किती पत्रे आहेत ते विचारायचे आणि निघून यायचे, हा एकच मार्ग. १९९६ मध्ये एरिक रेमंड यांनी जुन्या ‘पॉपक्लायंट’ या प्रोग्रॅमवरून घडवलेला ‘फेचमेल’ हे काम उत्तम करतो, शिवाय पत्रे न आणता नुसती चौकशी करून परतण्याची सोयही त्यात आहे. पण दर मिनिटाला चौकशी करायची म्हटली, तर दिवसाला १,४४० जोडण्या होतात आणि त्यांतल्या बहुतेक रिकाम्या हाती परततात. चौकशी विरळ केली, तर वर्दी शिळी होते. क्रॉन या वेळापत्रकाच्या प्रोग्रॅमवर अशा चौकश्या लावून ठेवणारे लोक या दोन टोकांमधला आपापला तोडगा शोधत आले आहेत.

खरा तोडगा आयमॅप या दुसऱ्या संवादपद्धतीतून आला. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तिची सुरुवात केली, तेव्हा तिचे मुख्य वैशिष्ट्य होते पत्रे सर्व्हरवरच ठेवून दुरून पाहणे. जून १९९७ मध्ये आरएफसी २१७७ या दस्तऐवजाने तिच्यात ‘आयडल’ ही आज्ञा जोडली. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या संवादपद्धती ज्यांत नोंदवल्या जातात ती क्रमांकित टिपणे, आणि हे टिपण बॅरी लीबा यांचे आहे. वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम ‘आयडल’ म्हणतो आणि गप्प बसतो, सर्व्हर होकार देऊन जोडणी उघडी ठेवतो, आणि पेटीत भर पडताच आता इतकी पत्रे आहेत, एवढा एकच आकडा कळवतो. पत्र कोणाचे, विषय काय, हे तो सांगत नाही; ते हवे असेल तर प्रोग्रॅमने ‘डन’ म्हणून आयडल संपवायचे आणि मग मागून घ्यायचे. सर्व्हर अर्ध्या तासाच्या निष्क्रियतेनंतर जोडणी तोडू शकतो, म्हणून निदान दर २९ मिनिटांनी आयडल नव्याने म्हणावे, असा सल्ला त्या टिपणातच आहे. म्हणजे १,४४० चौकश्यांच्या जागी सुमारे ५० नूतनीकरणे पुरतात. व्यवहारात मात्र घरातले राउटर निजलेली जोडणी त्याआधीच मुकाट्याने सोडून देतात, आणि दोन्ही टोकांना ती जिवंतच वाटते. कमांड लाइनवरचे साधन दोन तास गप्प आहे तेव्हा टपाल आलेले नाही, की तारच तुटली आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून जाणकार लोक नूतनीकरणाची मुदत बरीच कमी ठेवतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयमॅपच्या सुधारित आवृत्तीत आयडलला मूळ संहितेतच स्थान मिळाले.

आज कमांड लाइनवर वर्दीची सोय करणारा माणूस सहसा एकच मोठा प्रोग्रॅम घेत नाही, तर तीन-चार छोट्या प्रोग्रॅमांची साखळी जोडतो. ‘गोआयमॅपनोटिफाय’ हा प्रोग्रॅम आयडल धरून बसतो आणि आकडा वाढला, की सांगितलेली आज्ञा चालवतो, ती आज्ञा ‘एमबीसिंक’ची असते, जो सर्व्हरवरील पेटी आणि यंत्रावरील तिची प्रत एकसारखी करतो, त्यानंतर ‘नोटिफाय-सेंड’ पडद्याच्या कोपऱ्यात पट्टी दाखवतो. यंत्रावरची प्रत बहुधा मेलडिर या रचनेत असते. डॅनियल बर्न्स्टाइन यांनी आपल्या ‘क्यूमेल’ या टपालप्रणालीसाठी ती आखली, आणि तिच्यात सगळी पेटी एका फाइलमध्ये न कोंबता प्रत्येक पत्राला स्वतंत्र फाइल दिली जाते. फोल्डर तीन असतात: लिहून होत असलेले पत्र ‘टेम्प’मध्ये, पूर्ण उतरलेले पण न पाहिलेले ‘न्यू’मध्ये आणि पाहिलेले ‘कर’मध्ये. नव्या टपालाचा प्रश्न येथे वेळांच्या तुलनेवरून सुटून एका फोल्डरात फाइल आहे की नाही, इतका सोपा होतो.

त्या फोल्डरावर पाळत ठेवण्यासाठी लिनक्समध्ये २००५ पासून ‘आयनोटिफाय’ ही सोय आहे: फोल्डरात काही घडले, की प्रणालीचा गाभाच प्रोग्रॅमला उठवतो. येथे नवशिके एका जागी हमखास अडकतात. मेलडिरमध्ये पत्र ‘न्यू’ फोल्डरात जन्माला येत नाही, ते ‘टेम्प’मधून तेथे सरकवले जाते, आणि सरकवण्याच्या रीतीप्रमाणे आयनोटिफाय त्याला कधी ‘निर्माण झाले’ म्हणतो, तर कधी ‘आत आले’ म्हणतो. एकाच घटनेवर कान ठेवणारी पाळत काही सर्व्हरांच्या टपालाला बहिरी राहते. दोन्ही घटना ऐकाव्यात, हे उत्तम. नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर दुसऱ्या यंत्राने टाकलेले पत्र मात्र आयनोटिफायला दिसत नाही. तेथे पुन्हा जुन्या चौकशीचाच आधार घ्यावा लागतो.

अशी साखळी स्वतः जोडण्याचे कारण केवळ हौस नाही. कोणत्या पत्रावर भुंकायचे, हा निर्णय फोनवरच्या ॲपमध्ये ठरलेल्या चार-दोन पर्यायांत बांधलेला असतो, तर येथे साखळीच्या दोन कड्यांमध्ये हवी ती चाळण घालता येते: ठरावीक पत्त्यांवरूनच वर्दी, रात्री दहानंतर शांतता, जाहिरातींबाबत सदैव मौन. मात्र चाळणीतून जाणारा विषय परक्याने लिहिलेला असतो, हे बिफच्या काळचे भान येथेही सुटता कामा नये. विषयाची ओळ अवतरणात न बांधता शेलच्या आज्ञेत चिकटवली, तर विषयात दडवलेली आज्ञा यंत्र आपलीच समजून चालवू शकते. पासवर्डबाबतही पूर्वीचे दिवस उरलेले नाहीत. तो उघड्या मजकुरात फाइलमध्ये लिहून ठेवण्याऐवजी ‘पास’सारख्या कूटबद्ध तिजोरीतून मागवणे हिताचे असते; शिवाय गूगलने २०२२ च्या मे अखेरीस वैयक्तिक खात्यांसाठी साध्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रॅमांना मिळणारा प्रवेश बंद केला, त्यामुळे तेथे एकतर दुहेरी पडताळणीनंतर मिळणारा १६ अक्षरांचा वेगळा ॲप-पासवर्ड लागतो किंवा ओऑथ ही ठरावीक काळापुरता परवाना देणारी पद्धत वापरावी लागते.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्याला या साखळीत आणखी एक कडी घालावी लागते. ई-मेलचे विषय, पत्ते यांसारखे शीर्षभागातील तपशील मुळात आस्कीच्या १२८ चिन्हांतच लिहायचे ठरले होते आणि देवनागरी त्यांत बसत नाही, म्हणून १९९६ च्या आरएफसी २०४७ नुसार विषय बेस-६४ या पद्धतीने रोमन अक्षरे व अंक यांच्या मालेत रूपांतरित करून पाठवला जातो. यूटीएफ-८ या संहितेत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि बेस-६४ दर तीन बाइटांची चार अक्षरे करते, त्यामुळे एका चिन्हाला नेमकी चार अक्षरे लागतात. गंमत अशी, की पहिली मोकळी जागा येईपर्यंत यांतला प्रत्येक चौकडा ४, के आणि एस किंवा ४, के आणि डब्ल्यू यांनीच सुरू होतो. सराव झालेल्या नजरेला न उलगडलेल्या ओळीवरूनही पत्र नागरीत आहे, इतके ओळखता येते. अशा एका तुकड्याची लांबी वेष्टणासह ७५ अक्षरांपलीकडे जाऊ द्यायची नाही, असा नियम आहे आणि हिशेब केला तर एका तुकड्यात देवनागरीची जेमतेम १५ चिन्हे मावतात. येथे चिन्ह म्हणजे पूर्ण अक्षर नव्हे. काना, मात्रा, पायमोडा हे सगळे वेगळे मोजले जातात, आणि ‘महाराष्ट्र’ या एकाच शब्दाला १० चिन्हे खर्ची पडतात.

म्हणून थोडा लांब मराठी विषय दोन-तीन तुकड्यांत मोडतो आणि मोड कोठेही, अगदी व्यंजन आणि त्याची वेलांटी यांच्या मधोमधही पडू शकतो. लगतच्या तुकड्यांमधली मोकळी जागा उलगडताना गाळायची, हे त्याच टिपणात सांगितलेले आहे. पण घाईने लिहिलेली साधने ती तशीच ठेवतात आणि मग वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटीच लोंबकळताना दिसते. पायथॉन भाषेबरोबर मिळणाऱ्या ई-मेलविषयक साधनांनी ही उलगड बिनचूक करता येते. उलगडलेला विषय टर्मिनलवर छापण्यापेक्षा नोटिफाय-सेंडकडे सोपवणेही बरे, कारण अनेक टर्मिनले प्रत्येक चिन्हासाठी समान रुंदीचे घर राखतात आणि त्या घरांत जोडाक्षरे विसकटतात, तर पट्टी दाखवणारा प्रोग्रॅम बहुधा अक्षरे जुळवण्याचे काम त्यासाठीच घडवलेल्या यंत्रणेकडून करून घेतो. पट्टीत मावावा म्हणून विषय कापायचा असेल, तर तो चिन्हे मोजून न कापता शब्दाच्या सीमेवर कापावा लागतो, नाहीतर ‘महाराष्ट्र’चे ‘महाराष्’ होऊन पाय मोडलेला ष पडद्याच्या कोपऱ्यात पत्राची वर्दी देत उभा राहतो.